कज्ज्याचं बेट

इशबेल मॅकेनं आपल्या भावाशी दोन वर्षं अबोला धरला होता, आणि त्या गावात अबोला धरणं सोपं नव्हतं. गाव म्हणजे लॉखच्या, डोंगरांमधल्या लांबट तळ्याच्या, काठाकाठानं विखुरलेली दहा-बारा घरं, एक दुकान, एक चर्च आणि एकच रस्ता, तोही एका गाडीपुरता. समोरून कुणी आलं की एकानं गाडी बाजूला घ्यायची आणि दुसऱ्यानं जाता जाता हात वर करायचा, ही रीत. टॉरमॉडची गाडी दिसली की इशबेल बाजूला घ्यायची, पण मान खिडकीकडे वळवून बसायची. टॉरमॉड हात वर करायचा, पण बघायचा पुढच्या रस्त्याकडे. सख्खी भावंडं.

कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. त्यांचा बाप हेक्टर शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाला होता. त्याला इशबेलनंच सांभाळलं. मेंढ्या, घर, बाप, सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. मग तिचा खुबा गेला. ऑपरेशनसाठी इन्व्हरनेसला जाताना तिनं टॉरमॉडला सांगितलं होतं, मी येईपर्यंत बाबांना बघ. ती कुबड्या घेऊन परत आली तेव्हा चुलीजवळची खुर्ची रिकामी होती. टॉरमॉडनं बापाला पार पूर्वेकडच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. इशबेल त्याला आणायला जाणार, तोवर तिथून फोन आला की आता आणायला या, पण शवपेटी घेऊन.

दफनाच्या दिवशी ती भावाला एवढंच म्हणाली, "तू माझ्यासाठी मेलास." त्यानंतर एक शब्द नाही.

हे सगळं ज्या एका माणसाला सहन होईना ती म्हणजे बाराबल आत्या, हेक्टरची थोरली बहीण. वय नव्वदीला टेकलेलं, अंगानं दणकट, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. जूनमधल्या एका शनिवारी सकाळी तिनं इशबेलला निरोप धाडला: मला बेटावर जायचंय. लहानपणी आईबरोबर सरपणाला जायचे, ती जागा मरण्याआधी एकदा बघायचीय. खुब्याचं कारण सांगू नकोस, ये.

इशबेल धक्क्यावर आली तर फिनले टपालवाला होडी घेऊन तयार, आत्या होडीत पोत्यासारखी बसलेली, मांडीवर टोपली. आणि धक्क्याच्या टोकाला टॉरमॉड.

"हा इथं कशाला?" इशबेलनं विचारलं. फिनलेला.

"मला उचलायला," आत्या म्हणाली. "तुझ्या एकटीच्यानं मी उचलले जाणार आहे का? खुब्यात लोखंड बसवलंय तुझ्या, क्रेन नाही बसवली."

टॉरमॉड वळून चालायला लागला.

"जा, जा!" आत्या ओरडली. "माझ्या पेटीला खांदा द्यायच्या दिवशीही असाच चालता हो. शेजाऱ्यांना सांगून ठेवते, मला रक्ताचं कुणी उरलं नाही म्हणून."

तो थांबला. दोघंही होडीत बसले, एकमेकांकडे पाठ करून. फिनले वल्ही मारत होता आणि कुणाशीच नजर मिळवत नव्हता. इशबेलला तेव्हाच समजायला हवं होतं.

बेटाच्या गोट्यांना होडीचं नाक लागलं तशी आत्या म्हणाली, "उतरा, धरा होडी दोघं दोन बाजूंनी. मी पडले तर बुडवाल मला." दोघं उतरले. पाणी गुडघाभर आणि बर्फासारखं. तेवढ्यात आत्यानं टोपली किनाऱ्यावर फेकली आणि तिच्या वयाला न शोभणाऱ्या आवाजात ओरडली, "ओढ रे फिनले!"

फिनलेनं ओढलं. होडी दोघांच्या हातातून निसटली.

"आत्या!" इशबेल ओरडली. "हा काय चावटपणा आहे?"

"भाकरी आहे, चीज आहे, उकडलेली अंडी आहेत, आणि तुमच्या बापाची उरलेली अर्धी बाटली आहे," पाण्यावरून आत्याचा आवाज आला. "काडेपेटीही आहे. आपल्या आज्या-पणज्यांची रीत आहे ही. तोंडं उघडा, मनसोक्त भांडा, आणि मिटलं की धूर करा. फिनले येईल."

"आणि नाही मिटलं तर?"

"तर उद्या रविवार आहे. रविवारी, देवाच्या दिवशी, या लॉखवर होडी निघत नाही, ठाऊक आहे ना?"

"फिनले, तुझं टपाल मी सोमवारपासून फाडून फेकीन!" टॉरमॉड गरजला.

"माफ कर बाबा," फिनले म्हणाला. "तुझ्यापेक्षा मला हिची जास्त भीती वाटते."

ती रीत इशबेलला ऐकून ठाऊक होती. पूर्वी कुळातल्या दोघांचं हाडवैर झालं की सरदार त्यांना या बेटावर आणून सोडी. खायला देई, प्यायला देई, पण होडी देत नसे. त्यावरूनच कज्ज्याचं बेट हे नाव. पण आत्याच्या पिढीतही असं कुणाला सोडलेलं नव्हतं. बेटावर सहसा कुणी जातच नसे. लहानपणी बाप त्यांना बेटाच्या चहूबाजूंनी फिरवायचा, गळ टाकायचा, पण उतरू द्यायचा नाही. तिथं पाणबुडे पक्षी अंडी घालतात, असं सांगायचा.

बेट ते केवढं! दगड फेकला तर एका काठावरून दुसऱ्या काठापार जाईल. पण आत शिरलं की पलीकडचं काही दिसत नाही. काठावरचे डोंगर मेंढ्यांनी आणि हरणांनी चरून चरून टकले केलेले. बेटावर मात्र त्यांचं तोंड कधी पोचलं नव्हतं, म्हणून जे पूर्वी सगळीकडे होतं ते इथं उरलं होतं. लालसर सालीचे जुनाट पाइन, त्यांच्या फांद्यांवरून लोंबणारं राखाडी दगडफूल, खाली हेदरचं कमरेएवढं झुडूप आणि त्याखाली पाय घोट्यापर्यंत रुतेल असं शेवाळ. पाय उचलला की ठसा हळूहळू भरून यायचा. दिवस कोरडा, ऊन स्वच्छ, वारा नाही. वारा नाही म्हणून चिलटांचे ढग. लॉखचं पाणी काळ्या चहासारखं, आरशासारखं सपाट.

इशबेल एका खडकावर बसली, टॉरमॉड दुसऱ्या. टोपली मध्ये. बराच वेळ फक्त चिलटं मारल्याचे आवाज.

"निदान पायमोजे पिळ," टॉरमॉड शेवटी म्हणाला. "खुब्याला गारठा लागेल."

झालं. दोन वर्षं कोंडलेली वाफ त्या एका वाक्यावर फुटली.

"माझ्या खुब्याची काळजी करतोस? तू? माझ्या खुब्यापायीच तर सोय झाली तुझी! मी तिकडे टेबलावर पडले आणि इकडे बापाला गाठोड्यासारखं टाकून आलास!"

"टाकून नाही आलो."

"मग काय केलंस? तीन आठवड्यांत माणूस गेला, टॉरमॉड. तिथल्या एका बाईनं मला सांगितलं. रात्रभर उश्के, उश्के म्हणायचे. तिला वाटायचं बरळतायत. तिनं मला विचारलं, उश्के म्हणजे कोण हो? त्यांची बायको का?" इशबेलचा आवाज चिरकला. "पाणी मागत होते ते. आपल्या भाषेत पाणी मागत होते, आणि त्या अख्ख्या इमारतीत पाणी हा शब्द कळणारा एक माणूस नव्हता."

 टॉरमॉडनं केस मागे सारले आणि भुवईवरचा पांढरा वण तिच्यासमोर धरला.

"हे बघ. कुंपणाचा खुंटा. तू गेल्याच्या चौथ्या दिवशी. मला चोर समजला म्हातारा. 'माझ्या घरात शिरलास' म्हणाला. रोज रात्री दार उघडून लॉखकडे जायचा तुला हाका मारत. मी धरून आणायचो, तो मला चावायचा. स्वतःचा बाप चावतो तेव्हा काय करायचं असतं, सांग ना? तुला ओळखायचा तो. शेवटपर्यंत ओळखायचा. मला एकदाही नाही."

"म्हणून सूड घेतलास."

"इशे, तोंड सांभाळ."

"दोन वर्षं सांभाळलं!"

ते भांडत राहिले. चीज तसंच राहिलं, बाटली तशीच राहिली. शब्द संपले तेव्हा दोघांचेही घसे बसले होते आणि काहीही मिटलं नव्हतं. उलट, आतापर्यंत जे अंदाजानं ठाऊक होतं ते आता तोंडावर सांगून झालं होतं. इशबेल उठली आणि झाडांत शिरली, केवळ त्याचं तोंड दिसू नये म्हणून.

तेव्हा तिला ते ऐकू आलं.

बेटाच्या पलीकडच्या अंगाला कुणीतरी बोलत होतं. एक पुरुष, एक बाई. भिंतीपलीकडचं भांडण ऐकू यावं तसं. सूर कळत होता, शब्द नाही.

तिला आधी आनंदच झाला. उन्हाळ्यात प्रवासी छोट्या होड्या घेऊन लॉखवर येतात. नवरा-बायको असतील, रस्ता चुकल्यावरून कावले असतील. त्यांच्याकडे होडी असणार. ती हेदर तुडवत घाईनं निघाली. "अहो!" तिनं हाक मारली. "अहो, जरा थांबा!"

पलीकडच्या काठावर कुणी नव्हतं. पाण्यावर एक सुरकुतीही नव्हती. लांबवर काळ्या गळ्याच्या पाणबुड्यांची जोडी तरंगत होती, तीही हलत नव्हती.

आणि आवाज आता तिच्या पाठीमागून येत होते. जिथून ती निघाली होती तिथून.

टॉरमॉड कुणाशी बोलतोय? फोनवर शक्यच नव्हतं. त्या खोऱ्यात फोन म्हणजे खिशातला दगड. ती परत आली. तो खडकावर तसाच बसला होता, तळव्यांनी कान झाकून.

"आता बस कर," तिला पाहताच तो म्हणाला. "ऐकलं मी. सगळं ऐकलं. झाडांआडून काय ओरडतेस? बोलायचं तर समोर ये."

"मी बोललेच नाही. तू बोलत होतास."

"मी? मी कुणाशी बोलू इथं, मुंग्यांशी?"

"मस्करी नको, टॉरमॉड."

"तूच करते आहेस मस्करी! पाण्याचं तेच तेच पुन्हा..."

तो थांबला, कारण ती समोर तोंड मिटून उभी होती आणि पाइनच्या खोडांपलीकडून इशबेलचाच आवाज येत होता. या वेळी शब्दही येत होते. आपल्या भाषेत पाणी मागत होते. अख्ख्या इमारतीत. एक माणूस नव्हता. तोच चिरका सूर, त्याच जागी चिरकलेला.

चिलटं त्याच्या कपाळावर बसली होती. त्यानं ती मारली नाहीत.

"उत्तरेच्या कड्यावरून येतंय," तो शेवटी म्हणाला. "प्रतिध्वनी. बाबा होडीतून हाक मारायचे, आठवतं? दोनदा परत यायची."

"लगेच यायची," इशबेल म्हणाली. "इतक्या वेळानं?"

 तिला उत्तर नको होतं. तिला राग आला. भीतीपेक्षा राग तिच्या सवयीचा होता. कुणीतरी तिच्या बापाचं मरण तिच्याच आवाजात तिला ऐकवत होतं, नकला करत होतं. "कोण आहे तिकडे?" ती ओरडली. "लाज नाही वाटत? बाहेर या!"

पलीकडचे आवाज थांबले नाहीत. त्यांनी तिची दखलच घेतली नाही. ते आपल्या भांडणात होते. भुवईवरच्या वणापर्यंत आले. चोरापर्यंत आले. सुडापर्यंत आले. "इशे, तोंड सांभाळ," टॉरमॉडचा आवाज म्हणाला. "दोन वर्षं सांभाळलं," इशबेलचा म्हणाला. मग ते दोघं जिथं घसे बसून गप्प झाले होते तिथं आले.

आणि तिथं थांबले नाहीत.

"त्यांच्याऐवजी तू मरायला हवा होतास," बाईचा आवाज म्हणाला. ओरडून नाही. अगदी शांतपणे, भाव सांगावा तसा. "ज्या दिवशी फोन आला ना, त्या दिवशी मी देवाला विचारलं, चुकून दुसऱ्याला नेलंस का रे?"

 हे इशबेल कधीच बोलली नव्हती. कुणाजवळही नाही, प्रार्थनेत ओठांनीही नाही. पण शब्द तेच होते. फोन आला त्या दिवशी, चुलीपाशी उभी असताना, तिच्या मनात आलेले शब्द जसेच्या तसे.

टॉरमॉड तिच्याकडे बघत होता.

"मी नाही बोलले," ती म्हणाली.

"पण खोटं नाही," तो म्हणाला.

तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. त्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं, आणि मग परत चढत गेलं, मानेपासून वर. इतका संतापलेला तिनं त्याला पाहिला नव्हता, लहानपणीसुद्धा नाही. त्याच वेळी झाडांपलीकडून पुरुषाच्या आवाजानं उत्तर दिलं. खालच्या पट्टीत, घाईघाईनं. इशबेलला शब्द लागले नाहीत. टॉरमॉडला लागले असावेत. तो मान हलवू लागला. नाही. नाही. नाही.

"काय म्हणाला तो?"

"काही नाही."

"टॉरमॉड, काय म्हणाला?"

"सांगितलं ना, काही नाही!"

मग एक आवाज आला. ओल्या ओंडक्यावर कुऱ्हाडीचा दांडा आपटावा तसा. एकदाच.

त्यानंतर काही नाही.

पाणबुडे उडाल्याची फडफड झाली. ते गेले, आणि लॉख आणखी शांत झालं.

"मी बघून येते," इशबेल म्हणाली.

"नको जाऊस."

"माझ्या आवाजात बोलतायत, आणि मी बघू नको?"

ती निघाली. खुबा ठणकत होता. पाइनच्या फांद्यांतून ऊन तुकड्यातुकड्यांनी खाली येत होतं, डिंकाचा गरम वास येत होता, मुंग्यांची वारुळं सरसरत होती. सगळं जसं असायला हवं तसं.

पलीकडच्या काठाशी दोन खडक होते. त्यांच्या मधलं हेदर दबलेलं होतं.

एखादं माणूस आडवं पडावं तेवढ्या लांबीचं. खांद्यांपाशी रुंद, पायांकडे निमुळतं. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यातली एकेक काडी हलकेच सुटत होती, उभी राहत होती. जे काही तिथं होतं ते आत्ताच, आत्ता तिथून उचललं गेलं होतं.

ते आपल्याच मापाचं आहे का, हे तिनं बघितलं नाही. गरज नव्हती.

पाठीमागे काटकी मोडली. ती वळली. टॉरमॉड चार पावलांवर उभा होता. त्याच्या हातात पाइनची वाळलेली फांदी होती, मनगटाएवढी जाड.

"ते काय आहे?"

"काय?"

"हातात."

त्यानं हाताकडे पाहिलं. जणू दुसऱ्या कुणाचा असावा तसं.

"जाळायला," तो म्हणाला. "धूर करायला."

"खाली ठेव."

तो ठेवेना. राग त्याच्या तोंडावर अजून तसाच होता, भट्टीसारखा. तिच्याही तोंडावर असणार. कारण त्या क्षणीसुद्धा तिच्या जिभेच्या टोकाशी ते वाक्य येऊन बसलं होतं. त्यांच्याऐवजी तू. ऐकून झालेलं, बोलायचं राहिलेलं. ओकारी यावी तसं ते वर येत होतं. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

तिचे डोळे पाहून त्याला काय कळलं कोण जाणे. त्यानं फांदी पाण्यात भिरकावली.

"बोलू नकोस," तो म्हणाला. "बोट पाहिजे तर चावून धर. पण बोलू नकोस."

तिनं मान हलवली.

तेवढ्यात, त्यांनी सोडलेल्या बाजूकडून, एक हाक गेली. लांब, काठाच्या दिशेनं. पुरुषाची. पाण्यावर तोंड करून मारलेली, म्हणून शब्द त्यांच्याकडे आले नाहीत. पुन्हा एकदा. पुन्हा एकदा. मग घसा फाटल्यासारखी थांबली.

दोघं एकमेकांना न शिवता, एकमेकांना नजरेआड न करता, उतरायच्या जागेकडे आले. तिथं टोपली होती, बाटली होती. माणूस नव्हतं. टॉरमॉडनं काडेपेटी घेतली, पण काडीमागून काडी मोडत राहिली. एकही पेटायच्या आत त्यानं मान वर केली तर फिनलेची होडी अर्ध्या वाटेवर आली होती. एवढ्या वेगानं वल्ही मारताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

होडीत कांबळं होतं आणि गोठ्याच्या दाराची फळी.

फिनले किनाऱ्यालगत उतरला आणि त्यानं इशबेलला पाहिलं. तो खाली बसला, तसाच, पाण्यात.

"तू उभी आहेस," तो म्हणाला.

"मग काय नाचू?" इशबेल त्याच्या अंगावर धावून गेली. दाबून ठेवलेलं सगळं त्याच्यावर निघालं. "इथं आणून टाकलंत आम्हाला, मेंढरांसारखं! धूर केला नाही तर कसा आलास? कोणी बोलावलं तुला?"

फिनलेनं टॉरमॉडकडे पाहिलं. "तू हाक मारलीस ना?"

"मी नाही."

"तुझा आवाज मी शाळेपासून ऐकतोय, टॉरमॉड."

"मी नाही मारली हाक. काय म्हणालो मी?"

फिनले उठला. कपडे निथळत होते. "बसा होडीत," एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी इशबेल आत्याच्या दारात उभी राहून जे बोलली ते अख्ख्या गावानं ऐकलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पण तुम्ही दोघं एका होडीतून आलात ना? बोलताय ना?"

"जुन्या काळी जे जायचे," इशबेलनं दात आवळून विचारलं, "त्यांची भांडणं मिटायची?"

 "मिटायची असं कोण म्हणालं?" आत्या म्हणाली. "माणसं परत यायची. एवढंच मला ठाऊक आहे."

गावात आत्याचं नाव झालं. दुकानात लोक म्हणू लागले, सुनेशी पटत नाही? जा, बाराबलची होडी कर. कारण इशबेल आणि टॉरमॉड खरोखरच बोलू लागले होते. तो तिच्या मेंढ्या कातरायला आला. बापाच्या थडग्यावरचा दगड दोघांनी मिळून उभा केला, त्यावर बापाच्या गेलिक भाषेतूनच अक्षरं कोरून घेतली. रविवारी चर्चनंतर तो तिच्याकडे जेवायला थांबू लागला. बेटावर त्याला काय ऐकू आलं हे तिनं पुन्हा विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही.

तिला एकाच गोष्टीचं नवल वाटायचं. एकदा त्यानं कुरणाचं फाटक उघडं टाकलं आणि मेंढ्या रस्त्यावर गेल्या. ती त्याला फैलावर घ्यायला निघाली, आणि घ्यायला काही सापडेना. दोन वर्षं जो राग उशाला घेऊन ती झोपली होती, त्या जागी हात घातला तर नुसतं गार. चोरी झाल्यासारखं तिला वाटलं. तेवढ्यापुरती चीड आली, पण तीही टिकली नाही.

ऑगस्टमध्ये फिनलेनं तिला गाठलं. टपाल हातात देऊनही तो जाईना.

"त्या दिवशी हाक आली ती," तो म्हणाला. "तुला सांगायला हवं. 'फिनले, होडी आण. ती उठत नाहीये.' असं तीनदा." त्यानं लॉखकडे पाहिलं नाही. "आणि ती हाक थांबलेली नाही, इशबेल. वारा पडला की येते. आम्ही खिडक्या लावून घेतो. तुझ्या घराकडे मध्ये उंचवटा आहे, म्हणून येत नसेल."

"माझ्याकडे नाही येत," ती म्हणाली. ते खरं होतं.

ऑक्टोबरात एका रविवारी थंडी लवकर पडली. वारा अजिबात नव्हता. डोंगरातून हरणांचं डुरकणं येत होतं, तेही जेवण होता होता थांबलं. इशबेलनं दिवा लावला आणि टेबल आवरू लागली. टॉरमॉड मोरीपाशी पाठमोरा उभा राहून कप विसळत होता. तो थट्टेत काहीतरी म्हणाला, बटाटे खारट झाले होते म्हणून, ती हसली. मग दोघंही गप्प झाले, पोट भरलेली माणसं होतात तसे.

तेव्हा ती हाक आली. उंचवट्यापलीकडून, पातळ होऊन, पण स्पष्ट. फिनले. होडी आण.

इशबेल हातात ताट घेऊन थांबली. टॉरमॉडचे हात थांबले नाहीत. त्यानं कप उचलला, पुसला, फळीवर ठेवला, दुसरा घेतला. त्याला ऐकू आलंच नसावं, असं तिला वाटलं, आणि तिला हायसं वाटलं.

मग तिनं मोरीवरच्या खिडकीत पाहिलं. बाहेर अंधारलं होतं, त्यामुळे काचेत त्याचा चेहरा दिसत होता. शांत, थोडासा झोपाळलेला, कपाकडे बघणारा. आणि पाण्यापलीकडून एकेक शब्द येत होता, तसे त्याचे ओठ हलत होते.